ओळखीची नवी ओसरी

गेल्या दिवाळीस माझी भाची चार दिवस माहेरपणासाठीं आमच्याकडे आली होती. ती वाणिज्य शाखेची पदवीधर. लग्नापूर्वीं एका पेढींत हिशेबनीस म्हणून पांच वर्षें तिनें नेटकें काम केलें होतें. पुढें दोन मुलें झालीं, सासूबाईंचें दीर्घ दुखणें निघालें, आणि नोकरी सुटली ती नऊ वर्षें सुटलेलीच राहिली. आतां मुलें शाळेंत रमलीं आहेत, सासूबाई निवर्तल्या आहेत, आणि यजमानांच्या एकट्याच्या मिळकतींत घराचा हप्ता व मुलांचें शिक्षण हीं दोन्ही ओझीं पेलणें कठीण होऊं लागलें आहे. तिनें वर्षभरांत तीस-चाळीस ठिकाणीं अर्ज केले. बहुतेकांनीं साधी पोंचहि दिली नाहीं. अखेर एका मैत्रिणीनें तिला सुचविलें कीं, "तूं लिंक्डइनवर आपलें नांव घाल." ही गोष्ट तिनें घरीं काढतांच तिचे मामंजी म्हणाले, "घरंदाज बाईनें आपली तसबीर आणि आपले गुण चव्हाट्यावर मांडून 'मला काम द्या' म्हणत उभें राहावें, हें मला तरी रुचत नाहीं." गृहस्थ मनाचे कोते नव्हेत. सुनेनें नोकरी करावी, ह्यास त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती चव्हाट्यास.

"मामा, तुम्हीच सांगा, मी काय करूं?" असें तिनें मला विचारलें.

त्या वेळीं मीं तिला उत्तर दिलें नाहीं. एक तर त्याच सुमारास आमच्या कुटुंबांतील दुसऱ्या एका व्यक्तीस ह्याच प्रकारांत चांगलाच चटका बसला होता; तो पुढें सांगेन. दुसरें असें कीं, मी चाळीस वर्षें शिक्षकी केलेला मनुष्य. जी गोष्ट स्वतः तपासून पाहिली नाहीं तिच्याविषयीं मत देऊं नये, असें मुलांस सांगत आलों. म्हणून मीं तिच्याकडे महिन्याची मुदत मागितली, ह्या विषयावर जें मिळालें तें वाचलें, आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं स्वतः ह्या संकेतस्थळांचा सभासद झालों. त्या वाचनाचा व अनुभवाचा सारांश वाचकांपुढें ठेवीत आहें. कारण माझ्या भाचीचा प्रश्न आज अनेक घरांतून विचारला जात असेल, असें मला वाटतें.

ओळख ही जुनीच संस्था

प्रथम मामंजींच्या आक्षेपाचा विचार करूं. ओळखीच्या आधारानें पुढें जाणें ही कांहीं आजची रीत नव्हे. आपल्या समाजाचा गेल्या शें-दीडशें वर्षांचा इतिहास पुष्कळ अंशीं ओळखींचाच इतिहास आहे. कोंकणांतून पुण्यास शिकावयास येणारा गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या. तीं सात घरें त्यास मिळत तीं कोणा आत्याबाईंची, कोणा मास्तरांची, नाहीं तर गांवच्या उपाध्यायांची ओळख काढूनच. मुंबईस नवा गेलेला तरुण गांववाल्याच्या खोलींत पथारी टाकी आणि त्याच्याच शब्दावर एखाद्या कचेरींत चिकटे. परदेशीं गेलेल्यांनींहि हाच मार्ग धरला. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालीं निघालें तें परक्या मुलखांत आपल्या माणसास आपलें माणूस भेटावें म्हणूनच.

आणि प्रदर्शनाचें म्हणाल, तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आपल्यांतील अनेक घराण्यांनीं जे कुलवृत्तांत छापून काढले, ते एकदां उघडून पाहावे. कोण कोठें राहतो, काय शिकला, कोणत्या हुद्द्यावर चढला, लेकी कोणत्या घरीं दिल्या, हें सारें तेथें नांवनिशीवार दिलेलें असतें. कित्येकांत तसबिरीहि असतात. हाच मजकूर आज कोणीं संकेतस्थळावर लिहिला तर आपण त्यास मिरवणें म्हणतों. कुलवृत्तांतांत वाचला तर आपला ऊर अभिमानानें भरून येतो. तेव्हां आक्षेप माहिती सांगण्यास नसून ती कोणास सांगितली जाते ह्यास आहे. हा भेद लक्षांत घेतला म्हणजे अर्धा वाद मिटतो.

मात्र जुन्या ओळखींत एक मोठी उणीव होती, आणि ती मुख्यतः स्त्रियांस भोंवत असे. पुरुषाच्या ओळखी जन्मभर त्याच्याबरोबर चालत. स्त्रीच्या ओळखी लग्नाच्या मांडवांतच संपत. आडनांव बदले; पूर्वीं तर तांदुळांत अंगठीनें नवें नांव लिहून तें पहिलेंहि नांव बदलीत. शाळेंतील, महाविद्यालयांतील सोबतिणींनीं शोधावयाचें म्हटलें तरी शोधावयाचें कोणास? शंकूतला कुलकर्णी ही कोणाच्या घरची सौ. अमुक झाली, हें सांगणारी व्यक्ति मधून नाहींशी झाली कीं धागा तुटला. हा तुटलेला धागा जोडण्याची सोय ह्या नव्या साधनानें केली आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

हीं संकेतस्थळें कशीं निघालीं

ज्यांस इंग्रजींत सोशल नेटवर्किंग साइट्स म्हणतात, त्यांचा इतिहास अवघ्या एका पिढीचा आहे. १९९७ सालीं अमेरिकेंत 'सिक्स डिग्रीज' नांवाचें स्थळ निघालें. परंतु त्या काळीं आंतरजाल थोड्याच घरीं पोंचलें होतें, म्हणून तें टिकलें नाहीं. पुढें २००३ च्या मे महिन्यांत लिंक्डइन सुरू झालें; त्याचा हेतु प्रारंभापासून व्यवसायाचा. २००४ च्या जानेवारींत गूगलनें ऑर्कुट काढलें आणि त्याच वर्षीं फेब्रुवारींत एका विद्यार्थ्यानें हार्वर्ड विद्यापीठाच्या वसतिगृहांतून फेसबुक सुरू केलें. ऑर्कुट हें नांव तें घडविणाऱ्या तुर्की अभियंत्याचें स्वतःचें. अमेरिकेपेक्षां ब्राझील आणि हिंदुस्थान ह्या दोन देशांत तें अधिक रुजलें, आणि आपल्याकडील अनेक तरुणांस ह्या जगाचा पहिला परिचय त्याच्याच द्वारें झाला. तें ३० सप्टेंबर २०१४ रोजीं बंद झालें. तेथें जमलेल्या गप्पांचे व मैत्रीचे फड एका रात्रींत उठले. जागा परक्याची असली म्हणजे कोणत्या दिवशीं बिऱ्हाड हलवावें लागेल ह्याचा नेम नाहीं, हा धडा त्यांतून घेण्यासारखा आहे.

आज ह्या स्थळांचा पसारा अफाट आहे. फेसबुकचा दरमहा उपयोग करणाऱ्यांची संख्या २०२३ सालीं तीनशें कोटींच्या पुढें गेली. लिंक्डइननें त्याच वर्षीं आपले सभासद शंभर कोटींहून अधिक झाल्याचें जाहीर केलें. ह्या स्थळांची सामान्य वर्गणी शून्य आहे. मग त्यांचा खर्च चालतो कसा? मुख्यतः जाहिरातींवर. कोणता मनुष्य काय वाचतो, कोठें थबकतो, काय विकत घेण्याच्या विचारांत आहे, हें टिपून त्याच्यापुढें नेमकी जाहिरात ठेवावयाची, हा त्यांचा धंदा. लिंक्डइन त्याखेरीज नोकरभरती करणाऱ्या कंपन्यांकडून व विशेष सवलती घेणाऱ्या सभासदांकडूनहि पैसे घेतें. तेव्हां फुकट म्हणून जें मिळतें त्याची किंमत आपण आपल्या माहितीनें व आपल्या वेळानें चुकवीत असतों, हें प्रारंभींच मनाशीं बांधून ठेवावें.

दूरच्या ओळखींचें बळ

आतां नोकरीच्या मुद्द्याकडे वळूं. माझ्या भाचीनें जवळच्या सर्व नातलगांस सांगून पाहिलें होतें. उपयोग झाला नव्हता. असें कां व्हावें? ह्या प्रश्नाचें मला फार समाधानकारक उत्तर एका समाजशास्त्रज्ञाच्या लेखांत मिळालें. मार्क ग्रॅनोव्हेटर ह्या अमेरिकन विद्वानानें १९७३ सालीं 'दुबळ्या धाग्यांचें बळ' अशा अर्थाच्या मथळ्याचा एक निबंध प्रसिद्ध केला. बॉस्टनजवळील न्यूटन गांवीं ज्यांनीं नुकतीच नोकरी बदलली होती अशा लोकांस त्यानें विचारलें: ज्या मनुष्याकडून ही नोकरी समजली तो तुम्हांला किती वेळां भेटत असे? ओळखीनें काम मिळविलेल्यांपैकीं वारंवार भेटणाऱ्या मनुष्याकडून तें कळलेले शेंकडा १७ हून कमी निघाले. अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळलेले जवळजवळ ५६. आणि वर्षांतून एखाद्या वेळीं किंवा त्याहूनहि क्वचित् भेटणाऱ्याकडून कळलेले सुमारें २८.

प्रथमदर्शनीं हें विपरीत वाटतें, पण विचार केला म्हणजे पटतें. आपले जिवलग आपल्याच वर्तुळांत वावरतात. जी बातमी त्यांस ठाऊक ती बहुधा आपणांसहि ठाऊक असते. जुजबी परिचयाचा मनुष्य दुसऱ्या वर्तुळांत उठतो-बसतो, म्हणून त्याच्यापाशीं आपणांस नवी असलेली वार्ता असते. जवळचीं माणसें आपल्यासाठीं जीव टाकतील. परंतु नवें दार पुष्कळदां दूरच्या माणसाच्या हातून उघडतें. आपल्याकडील एक उदाहरण सांगतों. टोकियो येथील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या हातीं आली. ती वाचून १९१५ सालच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ सालीं तें विद्यापीठ पुण्यांत सुरूहि झालें. दुरून आलेला एक कागद कोठवर पोंचूं शकतो, हें त्यावरून दिसतें.

जग किती जवळ आहे ह्याचीहि परीक्षा झाली आहे. स्टॅन्ले मिलग्रॅम ह्या मानसशास्त्रज्ञानें गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत अमेरिकेंतील कांहीं लोकांस एक कागद देऊन सांगितलें कीं, बॉस्टनमध्यें काम करणाऱ्या अमुक दलालापर्यंत हा पोंचवा. मात्र तुम्ही ज्यास व्यक्तिशः ओळखतां अशाच मनुष्याच्या हातीं तो द्या. १९६९ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें २९६ जणांपासून आरंभ झाला; ६४ कागद मुक्कामीं पोंचले, आणि मध्यें लागलेल्या मध्यस्थांची सरासरी पांचांहून किंचित् अधिक भरली. बाकीचे कागद वाटेंतच राहिले, हेंहि विसरूं नये. धागा असणें निराळें आणि तो कोणीं पुढें ओढणें निराळें.

ग्रॅनोव्हेटरचें म्हणणें ह्या नव्या साधनासहि लागू पडतें काय, ह्याची तपासणी २०२२ सालीं 'सायन्स' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. लिंक्डइन सभासदांस 'ह्यांस आपण ओळखत असाल' म्हणून कांहीं नांवें सुचवितें. पांच वर्षें दोन कोटींहून अधिक सभासदांस हीं नांवें निरनिराळ्या प्रमाणांत सुचवून कोणास नवी नोकरी मिळते हें पाहण्यांत आलें. निष्कर्ष असा निघाला कीं, फार जवळच्या ओळखींपेक्षां बेताच्या दूरच्या ओळखी अधिक उपयोगीं पडतात. मात्र अगदींच दूरच्या, नांवापुरत्या ओळखींचा उपयोग पुनः कमी होतो. म्हणजे ओळखींचा नुसता ढीग घालण्यांत अर्थ नाहीं. ह्या प्रयोगाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे: प्रत्येक सभासदास स्वतंत्रपणें विचारून तो केलेला नव्हता. आपण जेथें काम शोधावयास जातों तेथें आपण परीक्षेचे विषयहि होतों.

चटका

आतां दादांची गोष्ट सांगतों. दादा म्हणजे माझे वडील चुलतबंधु. उभा जन्म बँकेंत हिशेब तपासण्यांत गेलेला, एक पै इकडची तिकडे होऊं न देणारा मनुष्य. निवृत्तीनंतर मुलानें त्यांस फेसबुकवर नांव घालून दिलें, आणि जुने सहकारी तेथें भेटूं लागले तेव्हां त्यांस फार आनंद झाला. एके दिवशीं त्यांपैकीं एका सहकाऱ्याच्या नांवानें व तसबिरीनें निरोप आला. त्याचे कोणी स्नेही सुरक्षादलांत अधिकारी असून त्यांची बदली झाली आहे. घरांतील उत्तम सामान ते अल्प किंमतींत देऊन टाकीत आहेत. आपणांस हवें असल्यास त्वरा करावी. दादांनीं दोन खेपांत सत्तर हजार रुपये पाठविले. सामान आलें नाहीं. खऱ्या सहकाऱ्यास दूरध्वनि केला तेव्हां कळलें कीं, त्याच्या नांवाचें व तसबिरीचें दुसरेंच खातें कोणा भामट्यानें उघडलें होतें.

पैसे गेले ह्याचें दुःख दादांस होतेंच. पण त्याहून मोठी हानि लाजेनें केली. त्यांनीं ही गोष्ट तीन आठवडे कोणास सांगितली नाहीं, वहिनींसहि नाहीं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या आणि आपण असे फसलों, हें बोलावयाचें कसें? त्या तीन आठवड्यांत रक्कम कोठच्या कोठें गेली. वास्तविक अशा फसवणुकीची तक्रार करण्यासाठीं सरकारनें १९३० हा दूरध्वनि क्रमांक ठेवलेला आहे. आणि तक्रार जितकी लवकर जाईल तितकी मधल्या एखाद्या खात्यांत रक्कम अडविली जाण्याची आशा अधिक. वाचकांनीं हा क्रमांक घरांतील सर्वांस, विशेषतः वृद्धांस, सांगून ठेवावा. आणि त्याबरोबर हेंहि सांगावें कीं, फसलास तर आम्ही रागावणार नाहीं, पण लगेच सांग. घरांतील धाक हा अशा वेळीं चोराचा साथीदार होतो.

दुसरा धोका आपण स्वतः सावध राहूनहि टळत नाहीं. २०१८ सालीं केंब्रिज ॲनालिटिका ह्या कंपनीचें प्रकरण उघडकीस आलें. फेसबुकवर स्वभावाची परीक्षा घेणारी एक करमणुकीची प्रश्नावली सुमारें पावणेतीन लाख लोकांनीं आपण होऊन घेतली होती. पण तिच्या मार्गानें त्यांच्या मित्रांचीहि माहिती ओढली गेली, आणि अशा रीतीनें बाहेर गेलेल्या माहितीच्या धन्यांची संख्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत असावी असें फेसबुकनेंच सांगितलें. एकानें दार उघडें टाकावें आणि साऱ्या आळींत चोरी व्हावी, तसा हा प्रकार.

तिसरा धोका शब्दाचा. २०१२ च्या नोव्हेंबरांत पालघर येथें एका तरुणीनें फेसबुकवर मुंबईच्या बंदविषयीं दोन वाक्यें लिहिलीं आणि दुसरीनें त्यांस केवळ पसंती दर्शविली, एवढ्यावरून दोघींस अटक झाली होती. ज्या कलमावरून पुढें सर्वोच्च न्यायालयांत वाद गेला तें माहिती-तंत्रज्ञान कायद्याचें ६६ अ कलम २४ मार्च २०१५ रोजीं न्यायालयानें रद्द केलें. न्याय मिळाला खरा; परंतु ओसरीवर सहज काढलेला उद्गार आतां गांवभर, आणि कायमचा, ऐकूं जातो, हें त्या प्रसंगानें सर्वांस शिकविलें.

ओसरी, माजघर आणि देवघर

इतकें सारें पाहिल्यावर मीं भाचीस पत्र लिहिलें. त्यांतील मुख्य भाग असा होता.

"आपल्या जुन्या घरास अंगण, ओसरी, माजघर आणि देवघर असे भाग असत. वाटसरू अंगणांत येई, कामाचा मनुष्य ओसरीवर टेके, माजघरांत घरचीं माणसें वावरत, आणि देवघरांत सोंवळ्याखेरीज कोणी जात नसे. दार सताड उघडें असलें तरी कोणीं कोठवर यावें हें ठरलेलें होतें. तुझ्या मामंजींस भीति वाटते ती दार उघडण्याची नव्हे. माजघर रस्त्यावर येईल ही. तेव्हां तूं भाग नीट आंखून घे.

"लिंक्डइन ही ओसरी समज. तेथें शिक्षण, पूर्वीं केलेलें काम, येत असलेल्या गोष्टी, हें स्वच्छ व खरें लिही. नऊ वर्षें घरीं होतीस हें लपवूं नको. आजारी माणसाची सेवा केली, हें सांगण्यांत कमीपणा नाहीं. माहेरचें आडनांव अवश्य घाल. नाहीं तर तुझ्या जुन्या सोबतिणींस व सहकाऱ्यांस तूं सांपडणार नाहींस. तसबीर साधी असावी. घरचा पत्ता, जन्मतारीख, मुलांच्या शाळेचें नांव हीं तेथें मुळींच नकोत. फेसबुक हें माजघर समज. तेथें कोणतें लिखाण कोणीं पाहावें हें ठरविण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशीं लावून घे. ओळखीच्या मनुष्याच्या नांवानें नवें आमंत्रण आलें तर त्यास आधीं दूरध्वनि कर. पैशाची मागणी आली, मग ती सख्ख्या भावाच्या नांवानें कां असेना, प्रत्यक्ष आवाज ऐकल्याशिवाय हालचाल करूं नको. आणि अलीकडे आवाजाचीहि नक्कल करतां येते, म्हणून घरच्यांसच ठाऊक असलेली एखादी खूण विचार. परवलीचा आंकडा कोणासहि सांगूं नको. जो नोकरी देण्याआधीं पैसे मागतो तो नोकरी देणारा नव्हेच. देवघर मात्र कोठेंच मांडूं नको: घरांतील कलह, आजार, मुलांचें रडणें-हंसणें, मनांतील व्यथा, हीं ज्याच्या खांद्यावर डोकें टेकतां येतें त्यालाच सांगावीं.

"आणखी एक. तेथें जाऊन केवळ मागूं नको. कोणाचें काम चांगलें दिसलें तर दोन शब्द लिही; कोणास माहिती हवी असेल आणि तुजपाशीं असेल तर दे. ओळख ही ठेवींसारखी आहे. जो कधीं भरणा करीत नाहीं त्यानें काढावयास जाऊं नये."

मला जें मिळालें

भाचीस उपदेश करतां करतां माझाहि एक जुना धागा हातीं आला. वाईच्या शाळेंत माझा एक बाकावरचा सोबती होता. मॅट्रिकनंतर तो बडोद्यास गेला, तेथून कॅनडास. प्रथम पत्रें येत. मग दिवाळीचें कार्ड. मग तेंहि थांबलें. चूक कोणाची, हें आतां सांगणें कठीण, बहुधा माझीच. फेसबुकवर त्याचें नांव घातलें आणि त्याचाच चेहरा समोर आला. केस पिकलेले, हंसणें तेंच. मीं तत्काळ चार ओळी लिहिल्या. उत्तर तिसऱ्या दिवशीं आलें तें त्याच्या मुलीचें. बाबा दोन वर्षांपूर्वीं गेले, असें तिनें रोमन लिपींत मराठी लिहून कळविलें. मृत्यूनंतर आपलें खातें कोणीं पाहावें हें फेसबुकवर आधीं नेमून ठेवतां येतें. त्यानें मुलीस नेमलें होतें.

दोन वर्षांचा उशीर. त्या दिवशीं मला जेवण गोड लागलें नाहीं. पण मुलीनें पत्राच्या शेवटीं विचारलें होतें, "काका, बाबा लहानपणीं कसे होते? तिकडचें ते फार बोलत नसत." तेव्हांपासून दर रविवारीं मी तिला एक पत्र लिहितों: कृष्णेच्या घाटावरून त्यानें मारलेली उडी, ढोल्या गणपतीपुढें परीक्षेच्या दिवशीं आम्हीं घातलेल्या प्रदक्षिणा, त्याच्या आईच्या हातच्या दडपे पोह्यांची चव. मित्र मिळाला नाहीं; पण त्याचें बालपण त्याच्या मुलीस मिळालें, आणि मला रविवारची वाट पाहण्यास एक कारण मिळालें. ज्यांस कोणास पत्र लिहावयाचें राहून गेलें असेल, त्यांनीं तें आजच लिहावें, एवढेंच ह्यावर सांगतों.

शेवट

भाचीनें माझें पत्र मामंजींस वाचावयास दिलें. ते दोन दिवस कांहीं बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं चष्मा मागितला आणि "तुझा तो मजकूर आण पाहूं" म्हणाले. गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक. सुनेच्या इंग्रजींतील तीन चुका त्यांनीं दुरुस्त केल्या आणि एक विशेषण खोडलें. "हें खरें आहे, पण तें दुसऱ्यानें म्हणावें," असें ते म्हणाले. ह्याहून उत्तम सल्ला मला कोणत्याहि पुस्तकांत आढळला नाहीं.

पुढें चार महिने कांहींच घडलें नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. मग एके दिवशीं तिच्या माहेरच्या आडनांवावरून पहिल्या पेढींतील एका सहकारिणीस ती सांपडली. दोघींची मैत्री अशी कधींच नव्हती. शेजारच्या टेबलांवर बसत, एवढेंच. त्या बाई आतां एका लहान कारखान्याचे हिशेब पाहतात आणि त्यांस अर्ध्या वेळेसाठीं विश्वासू माणूस हवें होतें. "हिचा ताळेबंद कधीं चुकत नसे," हें त्यांस चौदा वर्षांनंतरहि आठवत होतें. पगार फार नाहीं. पण घराच्या हप्त्यापैकीं अर्धा भार त्यानें उचलला आहे, आणि भाचीच्या आवाजांत पूर्वींचा ठामपणा परत आला आहे.

काम मिळवून दिलें तें लिंक्डइननें कीं चौदा वर्षांपूर्वींच्या त्या न चुकणाऱ्या ताळेबंदानें? मला वाटतें, दोहोंनीं. संकेतस्थळानें केवळ भेट घडविली. विश्वास तिनें आधींच मिळवून ठेवला होता. ओसरी नवी असली तरी तिच्यावर बसावयास येणारीं माणसें जुनींच आहेत, आणि त्यांस आपल्याविषयीं काय आठवावें, हें आजहि आपल्याच हातीं आहे.